भयपटाचे संकेत आणि अल्पखर्चिक ट्रेलर

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –

- भयपटाचे प्रमुख संकेत ओळखता येतील व ते प्रेक्षकावर परिणाम कसा करतात हे सांगता येईल.
- भयानक आणि बीभत्स यांतील फरक ध्यानी घेऊन कमी खर्चात भयनिर्मिती करता येईल.
- मराठीच्या व्याकरणातील व बोलीतील कोणते विशेष भय निर्माण करण्यास उपयोगी पडतात, हे स्पष्ट करता येईल.
- सुमारे साठ सेकंदांच्या ट्रेलरची संहिता लिहिता येईल आणि तिच्या सामाजिक परिणामांचा विचार करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, माध्यमांसाठी लेखन या अभ्यासक्रमात तुम्हाला एक प्रात्यक्षिक करावयाचे आहे. एका कल्पित चित्रपटाचा ट्रेलर तयार करणे, हे ते प्रात्यक्षिक होय. तुमच्यापैकी बहुतेक जण नोकरी, शेती किंवा घर सांभाळून शिकत आहेत. हाताशी एक मोबाइल, चार सहाध्यायी आणि रविवारच्या संपर्कसत्रानंतरची एखादी सायंकाळ, एवढेच तुमचे भांडवल आहे. अशा वेळी अनेक विद्यार्थी भयपटाकडे वळतात. त्यांची ही निवड चुकीची नाही. गाजलेले कलावंत, नृत्ये, भव्य देखावे यांवाचून प्रेक्षकाला खिळवून ठेवू शकणारा चित्रपटाचा हा एक प्रकार आहे.

'ट्रेलर' या शब्दाचा मूळ अर्थ 'मागून येणारा' असा आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील चित्रपटगृहांत आगामी चित्रपटाची झलक मुख्य चित्रपटानंतर दाखवली जाई, म्हणून तिला हे नाव मिळाले. पुढे तिची जागा बदलून ती आधी आली, तरी नाव तेच राहिले. ट्रेलर हे न पाहिलेल्या चित्रपटाविषयी प्रेक्षकाला दिलेले वचन असते. भयपटाच्या ट्रेलरमध्ये ते 'तुम्हाला भय वाटेल' असे असते. हे वचन कसे द्यावे आणि देताना कोठे थांबावे, या दोन प्रश्नांचा विचार आपण या घटकात करणार आहोत.

२. संकेत म्हणजे काय?

भाषाविज्ञानाच्या अभ्यासात आपण पाहिले आहे की, शब्द आणि अर्थ यांचा संबंध निसर्गसिद्ध नसून सांकेतिक असतो. 'झाड' या ध्वनिसमूहात झाडासारखे काही नाही. मराठी भाषकांनी ते मान्य केले आहे, एवढेच. चित्रपटप्रकाराचे संकेतही असेच समाजमान्य असतात. किलकिले दार, मध्येच थांबलेला पंखा, कोणी बसलेले नसताना हलणारा पाळणा, रिकाम्या ओसरीवरून ऐकू येणारी पावले या गोष्टी एरवी अगदी साध्या आहेत. परंतु भयपट पाहण्याची सवय असलेला प्रेक्षक त्या पाहताच सावध होतो. दिग्दर्शकाने काही दाखवण्यापूर्वीच प्रेक्षक स्वतःच्या मनातून उरलेले चित्र पुरे करतो.

कमी खर्चाचे रहस्य येथेच आहे. जे प्रेक्षक स्वतः पुरवतो, ते निर्मात्याला विकत आणावे लागत नाही. आल्फ्रेड हिचकॉक यांनी 'सायको' (१९६०) या चित्रपटाच्या सहा मिनिटांहून अधिक लांबीच्या ट्रेलरमध्ये बहुतांश वेळ केवळ रिकामे घर आणि रिकामे मोटेल दाखवले आहे. ते स्वतः प्रेक्षकाला खोल्यांतून फिरवतात, काहीतरी सांगू लागतात आणि मध्येच थांबतात. अखेरीस न्हाणीघरातील पडदा ओढला जातो, एक किंकाळी ऐकू येते आणि ट्रेलर संपतो. १९९९ च्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' या चित्रपटात तर जिची भीती आहे ती चेटकीण एकदाही दिसत नाही. जंगलात हरवलेले तीन विद्यार्थी, त्यांचा थरथरता कॅमेरा आणि रात्रीचे आवाज एवढ्यावर तो चित्रपट उभा आहे.

आपल्याकडे रामसे बंधूंनी 'दो गज ज़मीन के नीचे' (१९७२) हा चित्रपट तुटपुंज्या साधनांत, महाबळेश्वरला मुक्काम करून चित्रित केला. दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन अशी कामे भावांनी आपसात वाटून घेतली होती. चार-पाच जणांच्या गटाने कसे काम करावे, याचा हा वस्तुपाठ आहे. प्रत्येकाकडे एकच जबाबदारी असावी आणि ती अखेरपर्यंत त्याचीच राहावी.

३. भयानक आणि बीभत्स

साहित्यशास्त्राच्या अभ्यासपत्रिकेत तुम्ही भरताचा रसविचार अभ्यासला आहे. नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन स्वतंत्र रस आहेत. भयानकाचा स्थायिभाव भय, तर बीभत्साचा जुगुप्सा. भरताने भयानकाचा वर्ण कृष्ण, म्हणजे काळा मानला असून त्याची देवता काल ही सांगितली आहे. नवोदितांच्या भयपटात या दोन रसांची वारंवार गल्लत होते. लाल रंगाचे पाणी, पिठाने माखलेला चेहरा, बाहेर आलेले दात हे सारे जुगुप्सेकडे झुकते. शिवाय अशी रंगभूषा सफाईने करण्यासाठी पैसा आणि कसब लागते. ते नसेल तर जुगुप्साही निर्माण होत नाही, हसू मात्र येते. भयानकाला अंधार पुरतो, आणि अंधाराला खर्च नाही.

रसप्रक्रियेतील विभाव आणि अनुभाव या संज्ञा येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतात. भयाचे कारण म्हणजे विभाव. कंप, स्वरभंग, खिळलेली दृष्टी, सुकलेले ओठ हे भय बाहेर दिसू लागल्याचे परिणाम म्हणजे अनुभाव. नवोदित दिग्दर्शक सगळी शक्ती विभाव दाखवण्यात, म्हणजे भूत उभे करण्यात खर्च करतो. जाणता दिग्दर्शक अनुभावावर भर देतो. भूत पाहणाऱ्या मुलीचा चेहरा आठ सेकंद दाखवला आणि ती काय पाहते आहे ते दाखवलेच नाही, तर प्रत्येक प्रेक्षक तेथे आपापल्या मनातील भय ठेवतो. आठ सेकंद चेहरा स्थिर ठेवू शकणारी सहाध्यायी मिळणे ही तुमची खरी गरज आहे.

४. निषेध आणि निषेधभंग: ट्रेलरची रचना

रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ मध्ये लोककथांच्या रचनेचा अभ्यास प्रसिद्ध केला. कथेच्या आरंभी येणाऱ्या घटकांमध्ये त्यांनी निषेध आणि निषेधभंग ही जोडी नोंदवली आहे. 'त्या खोलीत जाऊ नको', 'मागे वळून पाहू नको' असे कोणीतरी बजावते आणि नायक नेमके तेच करतो. भयपट हा या जोडीचा थेट वारस आहे. आपल्या लोकसमजुतींतही असे निषेध विपुल आहेत. तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू नये, पिंपळाखाली झोपू नये, रात्री ओळखीच्या आवाजाने हाक आली तरी पहिल्या हाकेला ओ देऊ नये. शेजारच्या कर्नाटकात, बेंगळुरूमध्ये, दारावर 'नाळे बा' म्हणजे 'उद्या ये' असे लिहिण्याची कथा प्रचलित होती. २०१८ च्या 'स्त्री' या हिंदी चित्रपटाने त्याच समजुतीचा आधार घेतला आहे.

साठ ते नव्वद सेकंदांच्या ट्रेलरची रचना या दृष्टीने पाच टप्प्यांत करता येते.

१) सामान्य स्थिती: रोजचे जीवन. येथे प्रेक्षकाला पात्राविषयी आपुलकी वाटली नाही, तर पुढे भयही वाटत नाही.
२) निषेध: एकच सूचना, एकाच वाक्यात.
३) उपेक्षा: सूचनेकडे हसून केलेले दुर्लक्ष.
४) निषेधभंगाचा क्षण: हात कडीपर्यंत जातो. कडी निघते की नाही, हे दाखवायचे नाही.
५) शीर्षक आणि अखेरचा धक्का: शीर्षक आल्यावर प्रेक्षक सैलावतो. त्याच वेळी एखादा ध्वनी किंवा क्षणभराचे चित्र येते.

चौथा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. निषेधभंगाचा परिणाम सांगणे हे चित्रपटाचे काम असून ट्रेलरने त्याच्या उंबऱ्यावर थांबावयाचे असते.

५. आपल्या परिसराचे भय

मराठी भयकथेला नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्यासारखे समर्थ लेखक लाभले. चित्रपटांत मात्र कोकणाचे चित्र अधिक ठळक झाले. मुसळधार पाऊस, चिरेबंदी वाडा, शेवाळलेल्या पायऱ्या, माडांची सळसळ ही चित्रे राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' (२०१८) आणि कोकणात घडणाऱ्या दूरचित्रवाणी मालिका यांमुळे परिचित झाली आहेत. नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातील विद्यार्थी जेव्हा अंगणात पाण्याच्या पाइपने पाऊस पाडून कोकणाचा आभास निर्माण करू पाहतो, तेव्हा खर्च वाढतो आणि विश्वसनीयता घटते.

मराठवाड्याचे भय कोरडे आहे. ढासळलेली पांढऱ्या मातीची गढी, तळ दिसणारी बारव, वेशीबाहेरचा माळ, भर दुपारी ओस पडलेली गल्ली, उसाचा उभा फड ही आपली चित्रे आहेत. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ते दिवस पाहिलेल्या प्रेक्षकाला कोरड्या विहिरीत पोहरा आपटल्याचा आवाज ऐकवा. तो आवाज त्याच्यासाठी कोणत्याही किंकाळीहून अधिक बोलका आहे.

विशाल फुरिया दिग्दर्शित 'लपाछपी' (२०१७) हा मराठी चित्रपट या संदर्भात अवश्य अभ्यासावा. एक गर्भवती स्त्री पतीसह उसाच्या फडांनी वेढलेल्या एकाकी घरात आश्रयाला येते. कथेतील बरेचसे भय ऊस निर्माण करतो. उभ्या उसात चार हातांवरचा माणूस दिसत नाही, दिशा कळत नाही आणि पाते हलले तर वारा आहे की कोणी आहे, हे ठरवता येत नाही. हे ज्ञान आपल्याकडील प्रत्येक शेतकरी कुटुंबाला आहे. अधिक महत्त्वाचे असे की, या चित्रपटातील भुतांच्या मुळाशी स्त्रीभ्रूणहत्येचे पाप आहे. भूत हे येथे दडपलेल्या अन्यायाचे रूप ठरते. याच दिग्दर्शकाने २०२१ मध्ये 'छोरी' या नावाने हीच कथा हिंदीत आणली. स्थानिक भय प्रामाणिकपणे मांडले, तर ते बाहेरच्या प्रेक्षकालाही कळते, हा त्यातून घ्यावयाचा बोध आहे.

६. भाषेतील भय

तुम्ही भाषेचे विद्यार्थी आहात. त्यामुळे इतरांना सहज न सुचणारे एक साधन तुमच्या हाती आहे. मराठीत तीन लिंगे आहेत आणि क्रियापद लिंगानुसार बदलते. 'तो आला' किंवा 'ती आली' म्हणताच ऐकणाऱ्याच्या मनात माणूस उभा राहतो. 'ते आलंय' या वाक्यात मात्र नपुंसकलिंगामुळे येणाऱ्याची ओळख पुसली जाते. मराठीत लेकरू, मूल हे शब्दही नपुंसकलिंगी आहेत. त्यामुळे 'ते अजून रडतंय' हे वाक्य ऐकताना बालक की अन्य काही, असा संदेह टिकून राहतो. तीन लिंगांचा भेद नसलेल्या हिंदीत हा परिणाम एवढ्या सहजपणे साधत नाही.

दुसरे साधन म्हणजे पूर्वसंदर्भ नसलेले सर्वनाम. 'तिला सांगू नको.' कोणाला? जिचा उल्लेख आधी झालेलाच नाही, तिला. तिसरे साधन म्हणजे प्रतिध्वनी शब्द. 'भूतबित', 'आवाजबिवाज' यांतील 'बि-' मूळ शब्दाचे वजन कमी करतो. अश्रद्ध पात्राची उपेक्षा दाखवण्यासाठी 'भूतबित काही नसतं' हे एक वाक्य पुरेसे होते. तेच पात्र पुढे घाबरून नुसता 'आवाज' हा शब्द उच्चारते, तेव्हा गळून पडलेला 'बिवाज' प्रेक्षकाला जाणवतो.

चौथे साधन म्हणजे बोली. भयप्रसंगी माणूस प्रमाणभाषेत बोलत नाही. लातूरच्या घरात आजी 'तू काय करत आहेस?' असे विचारणार नाही; ती 'काय करलालास?' असेच म्हणेल. बोली विनोदासाठी वापरण्याची सवय आपल्या माध्यमांना लागली आहे. गंभीर प्रसंगी ती वापरली, तर प्रेक्षकाला आपल्या घरातील आवाज ऐकू येतो आणि पडद्यावरचे घर त्याचे स्वतःचे होते. संवाद लिहिल्यावर ते घरातील वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. जेथे ते अडखळतील, तेथे तुमचे वाक्य पुस्तकी आहे असे समजावे.

७. ध्वनी, प्रकाश आणि चित्रीकरण

प्रेक्षक अंधुक चित्र सहन करतो, परंतु खराब आवाज सहन करत नाही. म्हणून ध्वनीला प्राधान्य द्यावे. प्रत्येक ठिकाणी कोणीही न बोलता एक मिनिट त्या जागेचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावा. संकलनात दोन संवादांमधील पोकळी भरण्यास तो लागतो. संवाद दुसऱ्या मोबाइलवर, तोंडाजवळ धरून मुद्रित करावेत. घरात घुमणारा आवाज टाळण्यासाठी भिंतीवर गोधड्या टांगाव्यात. ध्वनिपरिणाम स्वतः तयार करावेत. ज्वारीचे वाळलेले धाट मोडले की हाड मोडल्याचा भास होतो. सोयाबीनच्या वाळलेल्या शेंगा मुठीत हळूहळू चुरडल्या की कोणीतरी दबकत चालल्यासारखे वाटते. चित्रपटातील गाणे किंवा इतरांचे पार्श्वसंगीत वापरू नये. त्यावर स्वामित्वहक्क असतो. घरातील ज्येष्ठ स्त्रीने संथपणे गुणगुणलेली अंगाई तिच्या संमतीने मुद्रित केली, तर तिच्याइतके परिणामकारक संगीत विकत मिळणार नाही.

मोठ्या आवाजापूर्वी शांतता हवी. दोन-तीन सेकंद पूर्ण निःशब्द गेल्यास लहानसा खटका पुरतो. सतत वाजणारे संगीत प्रेक्षकाला सावध होण्यास अवधीच देत नाही.

प्रकाशासाठी एकच उगम निवडावा: कंदील, विजेरी किंवा अर्ध्या उघड्या दारातून येणारा उजेड. विजेरीपुढे बटर पेपर धरला की प्रकाश मऊ होतो. मोबाइलचा कॅमेरा अंधारात चित्र आपोआप उजळ करतो आणि चित्रावर रवा पसरल्यासारखे कण दिसू लागतात. म्हणून प्रकाशमान हाताने ठरवून कुलूपबंद करावे. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने सेकंदाला २५ चौकटी आणि १/५० सेकंद शटर ठेवल्यास दिव्यांची लुकलुक टळते. रात्रीचे दृश्य मध्यरात्री घेण्याची गरज नाही. सूर्यास्तानंतरची वीस-पंचवीस मिनिटे त्यासाठी उत्तम असतात, आणि गटातील सर्वांना वेळेत घरी परतता येते.

चौकटीत मोकळी जागा ठेवावी. पात्र एका कडेला आणि उरलेल्या भागात काळोखे दार असेल, तर प्रेक्षकाची नजर दाराकडेच जाते. तेथे काही आले नाही तरी चालते. वाट पाहणे हाच अनुभव असतो. कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवावा, आणि हलवावयाचा असल्यास त्यामागे कारण असावे.

८. नमुना संहिता: 'दुसरी हाक'

पुढील संहितेत दोन पात्रे, दोन आवाज आणि एक घर आहे. वेळ सुमारे साठ सेकंद.

दृश्य १ (१० सेकंद). तिन्हीसांज. अंगणात आजी सुपात ज्वारी पाखडते आहे. शेजारी नात पूजा मोबाइलमध्ये गुंतलेली.
आजी: "रातच्याला कुणी बी हाक मारू दे, पैल्या हाकंला ओ देऊ नगंस."

दृश्य २ (५ सेकंद). पूजा हसते, नजर मोबाइलवरच.
पूजा: "भूतबित काही नसतं, आजी."
सुपाचा आवाज थांबतो.

दृश्य ३ (८ सेकंद). रात्र. आतून बंद दार. चौकटीचा अर्धा भाग काळोखा. फक्त जागेचा आवाज.

दृश्य ४ (६ सेकंद). तेच दार. बाहेरून आईचा आवाज: "पूजा… दार उघड गं."

दृश्य ५ (८ सेकंद). पूजा उठते. हात कडीपर्यंत जातो. तेवढ्यात उशाजवळचा मोबाइल उजळतो. पडद्यावर नाव: आई.

दृश्य ६ (८ सेकंद). पूजाचा चेहरा, मोबाइलच्या उजेडात.
फोनवर आईचा आवाज: "पोचले बघ मामाकडं. झोपलीस का?"

दृश्य ७ (७ सेकंद). चेहरा तसाच. दाराबाहेरून तोच आवाज, त्याच सुरात: "पूजा… दार उघड गं." अंधार.

शीर्षक (४ सेकंद). दुसरी हाक. पूर्ण निःशब्द.

अखेर (३ सेकंद). काळा पडदा. घराच्या आतून, अगदी जवळून, एक शब्द: "ओ."

आता या संहितेचे विश्लेषण करा. भूत कोठेही दिसत नाही. रंगभूषा, रक्त, पाऊस यांची गरज नाही. दार आणि चेहरा याच दोन प्रतिमा पुन्हा पुन्हा येतात. निषेध आजीच्या बोलीतून येतो, उपेक्षा प्रतिध्वनी शब्दातून येते. तिसरे दृश्य काहीच घडत नसल्यामुळे बिचकवते. शेवटचा 'ओ' कोणाचा, हे ट्रेलर सांगत नाही. तेवढ्यासाठी प्रेक्षक चित्रपट पाहावयास येईल.

९. कोठे थांबावे?

येथवर आपण प्रेक्षकाच्या मनातील भय उसने कसे घ्यावे हे पाहिले. उसने घेताना त्या भयाचा इतिहासही माहीत असला पाहिजे. मराठवाड्यात भानामती आणि करणी हे शब्द कथेपुरते मर्यादित राहिलेले नाहीत. गावात कोणाचे जनावर आटले, कोणाचे लेकरू आजारी पडले, म्हणून एखाद्या एकट्या स्त्रीकडे बोट दाखवले गेल्याच्या घटना आपल्या समाजात घडल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये अस्तित्वात आला. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावराचे दूध आटवते, असे बालंट एखाद्यावर घेणे आणि त्याचे जगणे अवघड करणे, हे त्या कायद्याच्या अनुसूचीत समाविष्ट आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१८ मध्ये भारतभर एक चित्रफीत फिरली. दुचाकीवरील दोघे रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना तीत दिसत होते. प्रत्यक्षात ती कराचीमध्ये मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार केलेली, अभिनय केलेली फीत होती. मूळ फितीत शेवटी मूल परत आणले जाते आणि संदेशाचा फलक दाखवला जातो. पसरलेल्या फितीतून तो शेवट कापलेला होता. त्याच काळात मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा गावोगाव पसरल्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेकरी जीवन जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले.

ट्रेलर करणाऱ्याने यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मोबाइलवर फिरणारी चित्रफीत आपला आरंभ आणि शेवट घेऊन फिरत नाही. 'खरी घटना' असा आव आणणे हा 'ब्लेअर विच'नेही वापरलेला रूढ संकेत आहे. त्या चित्रपटाच्या वेळी विद्यार्थी बेपत्ता असल्याची भित्तिपत्रके लावली गेली आणि अनेकांना ते खरे वाटले. तेथे त्याने प्रेक्षक मिळवले. आपल्या परिसरात गावाचे, विहिरीचे किंवा व्यक्तीचे खरे नाव घेऊन तोच प्रयोग केला, तर कोणाच्या तरी दारात जमाव उभा राहू शकतो. म्हणून पुढील पथ्ये पाळावीत.

- गाव, विहीर, घर यांची खरी नावे आणि ओळखू येतील असे फलक चित्रात येऊ देऊ नयेत.
- 'कल्पित कथा' हे शब्द शेवटच्या पाटीपुरते ठेवू नयेत. ते चित्राच्या एका कोपऱ्यात आरंभापासून अखेरपर्यंत असावेत, म्हणजे फीत कोठेही कापली तरी ते कापले जाणार नाहीत.
- गावातील एकट्या, वृद्ध किंवा विधवा स्त्रीच्या चेहऱ्यावर भयाचे ओझे टाकू नये. अशी भूमिका अपरिहार्य असेल, तर ती गटातील सहाध्यायीने करावी, आणि कथेत दोष कोणाचा हे 'लपाछपी'प्रमाणे स्पष्ट असावे.
- ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने हजारो माणसे गेली. तेथील जुन्या गावठाणाचे अवशेष हे अनेक कुटुंबांचे दुःखस्थान आहे. ते 'झपाटलेले गाव' म्हणून वापरू नये. किल्ले, लेणी आणि बारवांसाठी संबंधित खात्याची किंवा ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्यावी.
- चित्रीकरणापूर्वी सरपंच अथवा पोलीस पाटील यांना कल्पना द्यावी. कठडा नसलेल्या विहिरीच्या काठावर आणि उभ्या उसात अंधार पडल्यावर काम करू नये. लहान मुलाच्या चेहऱ्यावर भय हवे म्हणून त्याला खरोखर घाबरवू नये.

'दुसरी हाक' या संहितेकडे पुन्हा पाहा. तीत कोणावरही बोट दाखवलेले नाही. ज्या आजीला अनेक भयपटांनी चेटकीण ठरवले असते, तीच येथे सावध करणारी आहे. भय तेवढेच राहते, आणि ते कोणा माणसाच्या नावावर लिहिले जात नाही.

१०. सारांश

संकेत म्हणजे प्रेक्षक आणि दिग्दर्शक यांच्यातील सामाईक भाषा. तिच्या आधारे प्रेक्षकाची कल्पनाशक्ती कामाला लावता येते, म्हणून भयपटाचा ट्रेलर कमी खर्चात होऊ शकतो. बीभत्सापेक्षा भयानकावर आणि विभावापेक्षा अनुभावावर भर द्यावा. निषेधापासून निषेधभंगाच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन थांबावे. भय आपल्या मातीतील आणि आपल्या बोलीतील असावे. मात्र त्या भयाने पूर्वी कोणाला इजा केली आहे, याची जाण ठेवूनच ते पडद्यावर आणावे.

स्वाध्याय

१) भयानक व बीभत्स यांतील फरक तुम्ही पाहिलेल्या एका चित्रपटाच्या आधारे स्पष्ट करा.
२) नपुंसकलिंगी सर्वनामाचा वापर करून भयसूचक अशी पाच वाक्ये तुमच्या बोलीत लिहा. प्रत्येक वाक्याचा परिणाम कशामुळे होतो, ते सांगा.
३) 'दुसरी हाक' या संहितेतील दृश्य ३ वगळल्यास ट्रेलरवर काय परिणाम होईल? चर्चा करा.
४) उपक्रम: घरातील किंवा शेजारच्या ज्येष्ठ व्यक्तींकडून तीन निषेधपर समजुती त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. त्यांपैकी एकीवर आधारित साठ सेकंदांची संहिता तयार करा. या संहितेमुळे कोणत्याही व्यक्तीकडे किंवा समाजाकडे संशयाने पाहिले जाणार नाही याची काळजी तुम्ही कशी घेतली, ते दहा ओळींत जोडा.